जावयांचं साटंलोटं

आमच्या गावात लग्नाच्या पंगतीत मी बसलो की अजूनही कोणीतरी ओरडतंच, "शेठला जिलबी वाढा रं, यांनी जावई विकला होता!" आणि पंगत हसते. मी गवत विकलं आहे, भात विकलं आहे, कौलं विकली आहेत, एकदा मोडक्या टेंपोचा सांगाडाही विकला आहे. जावई विकलेला नाही. जावयाची अदलाबदल केली होती. विक्री आणि अदलाबदल यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी बाजाराला जाऊ नये, आणि जिलबी खाताना माझ्याकडे बघून हसू तर मुळीच नये.

गोष्ट साठ सालानंतरची. तेव्हा खालापूर आणि कर्जत या दोन्ही तालुक्यांत भात कापून झालं की गावोगाव कबड्डी उभी राहायची. म्हातारी माणसं तिला हुतुतूच म्हणत. खाचरातली धसकटं काढायची, पाणी मारून जमीन चोपायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, आणि जत्रेपर्यंत रोज संध्याकाळी सगळं गाव त्या खाचराभोवती. सामने गावागावांचे, म्हणून खेळाडू गावचाच हवा. पण 'गावचा' कोण, याला आमच्या भागात एक मजेदार नियम होता. गावात जन्मलेला गावचा, आणि गावचा जावईसुद्धा गावचा. जावयाने बापाच्या गावाकडून खेळायचं की सासऱ्याच्या, हे त्याने दरवर्षी ठरवायचं. ज्या गावाकडून खेळायचं तिथल्या देवळात दत्तजयंतीच्या संध्याकाळपर्यंत नारळ हातात घ्यायचा. दत्ताचा पाळणा हलला की नारळ बंद. मग वर्षभर तो त्या गावाचा, भांडण झालं तरी.

त्यामुळे दिवाळी सरली की गावोगाव जावयांची जी सरबराई चाले, ती सासूच्या मायेपोटी चालत असेल असं समजू नका. दत्तजयंती जवळ आली की पायगुणी जावयांच्या ताटात तूप वाढत जाई.

आमच्याकडे एक जावई होता. कशेळ्याच्या बाजूचा, उंच, सडपातळ, चढाईला असा जायचा की बघणाऱ्याने श्वास धरावा. तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चाललेलं, आणि पाय जमिनीला लागतात की नाही ते कळू नये. तो मध्यरेषा ओलांडून परत यायचा तेव्हा बायका विहिरीवरची घागर विसरायच्या. मी भांडकुदळ माणूस आहे, कोणाचं कौतुक माझ्या तोंडून सहज निघत नाही. पण त्याची चढाई बघितल्यावर मीही माझी गवताची वखार बंद करून खाचरावर यायचो, हे खरं आहे.

आणि तरी आम्ही हरत होतो. मागच्या जत्रेत पहिल्याच फेरीत बाहेर, त्याच्या आदल्या जत्रेतही तेच. आमचे दोन दणकट पकडवाले मोहोपाड्याला कारखान्यात लागले होते, पाळ्यांमुळे त्यांना सरावाला येता येईना. मागे उरली होती ती सगळी पोरं हवेत हात मारणारी. आमचा जावई जाऊन दोन गडी बाद करून यायचा, आणि समोरचा लगेच येऊन आमचे तीन घेऊन जायचा. गाव म्हणायचं, नशीब फुटकं. मी म्हणायचो, गोणीला भोक आहे. वरून कितीही भात ओता, खालून सांडणारच. आधी भोक शिवा.

भोक शिवणारा माणूस कोण, हेही मला माहीत होतं. तो आमच्याच गावचा होता. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. माथेरानला घोडा चालवायचा. तरुणपणी गावच्या संघात त्याला घ्यायचं ठरलं आणि ऐन वेळी पंचांनी त्याच्या जागी एका उंच पोराला उभं केलं, "तुझा हात कुठवर पोचणार रं?" म्हणून हसले. त्याची बायको कशेळ्याच्या बाजूची, म्हणजे नेमकी आमच्या जावयाच्याच गावची. त्याने त्याच वर्षी सासऱ्याच्या गावात नारळ घेतला तो आजतागायत तिकडेच. डाव्या कोपऱ्यात वाकून उभा राहायचा. एकदा समोरच्याचा घोटा त्याच्या हातात आला की सुटणं नव्हतं. आम्हालाच त्याने किती वेळा लोळवलं होतं.

आता बघा. त्यांचा पोरगा आमच्याकडे जावई म्हणून खेळतो, आमचा पोरगा त्यांच्याकडे जावई म्हणून खेळतो. लग्नात दोन घरं एकमेकांच्या पोरी करतात त्याला आपण साटंलोटं म्हणतो. मी म्हटलं, जावयांचं साटंलोटं का करू नये? त्यांचा त्यांना, आमचा आम्हाला.

कशेळ्याच्या बाजाराला मी गवताच्या कामाने जायचोच. तिथे त्यांच्या पुढाऱ्याला गाठलं. त्यांना चढाईवाला हवाच होता, जत्रा त्यांच्या गावची होती आणि घरच्या खेळाडूने दुसऱ्याकडून खेळावं ही त्यांना शरम वाटत होती. मी आधी अर्धा तास "नाही, नाही, तो आमचा जीव आहे" केलं. मग हळूच घोडेवाल्याचा विषय काढला. पुढारी हसला. "त्या बुटक्याला न्या की, वय झालं त्याचं." मी आतून उडालो आणि वरून तोंड पाडलं. चहा संपायच्या आत शब्द झाला. आमचा जावईही तयार होता. त्याचा बाप थकला होता, त्याला एकदा पोराला गावच्या बाजूने खेळताना बघायचं होतं. अशा सौद्यात चार जणांना विचारत बसलं की सौदा होत नाही, हे माझं तेव्हाचं मत आणि आजचंही तेच आहे.

राहिला घोडेवाला. त्याला विचारायला मी आमच्या बाजूच्या पायवाटेने डोंगर चढून माथेरानला गेलो. तो घोड्याला खरारा करत होता. समोर गवताचा भारा पडला होता, तो माझ्याच वखारीतला.

"शेठ, तुमचं गवत वरून हिरवं आणि आतून काळं," तो वळूनसुद्धा न बघता म्हणाला. "घोडं हुंगतंय आणि तोंड फिरवतंय."

मी म्हटलं, "गवताचं मग बघू. या वर्षी नारळ गावात घे."

"का?"

"गावची अब्रू चालली रे."

"माझी गेली तवा गाव हसलं व्हतं." खरारा चालूच. "त्या गावात मी जावई हाय, शेठ. वेशीवर घ्यायला येतात. पाय धुतात. पाटावर बसवतात, रांगोळी काढतात, फेटा बांधतात. नारळ मागायला सासरा सोता येतो. तुमच्या गावात आलो तर मी कोण? घरचा. घरच्याला काय, चटणी-भाकर आणि 'उठ रं, पाणी मार मैदानावर.' मग का येऊ?"

"तुला काय पाहिजे ते बोल."

तो पहिल्यांदा वळला. घोड्याच्या पाठीवर हात टेकवून म्हणाला, "जावयाचा मान."

"कुठे?"

"आपल्या गावात. वेशीवर घ्यायला या, पाय धुवा, पाटावर बसवा, फेटा बांधा. तिथं जेवढं करतात तेवढं. एक दमडी नको."

मी आयुष्यात तबेलेवाल्या भय्यांशी, रेल्वेच्या माल-बाबूंशी, जमीनदारांच्या कारकुनांशी घासाघीस केली आहे. एवढा निव्वळ सौदा माझ्यासमोर कोणी मांडला नव्हता. ज्याला पैसे हवे असतात त्याला खाली आणता येतं. याला खाली आणायला जागाच नव्हती. मी फेटा सोड म्हटलं, तो घोड्याकडे वळला. पाय धुण्याऐवजी नुसतं पाणी देतो म्हटलं, तो घोड्याशी बोलायला लागला. शेवटी मीच म्हटलं, "दिला शब्द." उतरताना मला त्याचा राग येत होता आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठीवर थाप मारावीशीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याने माझी अर्धी दाढी केली आणि वस्तरा हातात धरून थांबला.

"शेठ, खरं सांगा. दिला?"

"काय दिला?"

"जावई."

"अदलाबदल केली."

"आणि बदल्यात तो घोड्याच्या मागचा?" त्याने वस्तरा पुसून पेटीत ठेवला. "अर्धीच राहू द्या. अर्धा संघ, अर्धी दाढी."

मी भडकून तसाच उठलो आणि तसाच एस.टी.च्या थांब्यावरच्या हॉटेलात गेलो, ही चूक झाली. तिथे सगळा गाव बसलेला. एक म्हणाला, हिरा देऊन गारगोटी आणली. दुसरा म्हणाला, शेठनं त्यात पण कमिशन काढलं असंल. तिसरा, ज्याला आयुष्यात कधी कोणाचा घोटा धरता आला नाही, तो मला पकड म्हणजे काय ते समजावायला लागला. मी त्याच्या अंगावर बशी फेकली. ती चुकली. त्यावरही लोक म्हणाले, "बघा, नेम पण घोडेवाल्याच्या हातासारखाच, पोचतच नाय."

पण खरी आग विहिरीवर होती. आमच्या जावयाची सासू, सगळा गाव तिला काकी म्हणे. एकटीने पोरगी वाढवलेली, आवाज असा की खाचराच्या पलीकडच्या पंचाने शिट्टी खाली ठेवावी. एकही सामना तिने चुकवलेला नव्हता. तिला हे माझ्याकडून कळायच्या आधी विहिरीवर कळलं. ती घागर तिथेच टाकून वखारीत आली.

"माझा जावई तुझ्या वखारीतला भारा हाय काय रं?"

"काकी, ऐक..."

"तू ऐक. तो खेळायला यायचा म्हणून माझी पोर महिनाभर माहेरी यायची. आता ती पण नाय यायची. माझा पाट रिकामा केलास तू." आणि गेली.

मग देवळात बैठक बसली. मी मानाची अट सांगितली तेव्हा आधी कोणाला कळलीच नाही. कळल्यावर एक म्हातारे पंच काठी आपटून उभे राहिले. "गावच्या पोराला गावानं जावई करायचं? मग गावच्या पोरी त्याच्या कोण? भैनी का बायका? पाय धुतले म्हंजे सोयरीक झाली. भावकीत सोयरीक? डोकं फिरलं काय तुझं?"

हसू नका. त्या बैठकीत कोणी हसलं नाही. माणसं खरोखर गंभीर झाली. वेशीवर जायला कोणी तयार होईना. ज्याचे पाय धुवायचे त्याचं नातं काय लावायचं, इथेच गाडी अडली. मी ओरडलो, शिव्या दिल्या, तुमचं नाक कापलं जाईल म्हणालो. ते म्हणाले, तुझा शब्द, तू बघ.

दत्तजयंतीच्या दिवशी सकाळीच निरोप आला की आमच्या जावयाने तिकडे नारळ घेतला. म्हणजे तो गेलाच. आता घोडेवाला आला नाही तर आमच्याकडे हाही नाही आणि तोही नाही. चढाईवाला दिला आणि रिकामे हात हलवत बसलो, असं गाव जन्मभर म्हणणार होतं, आणि ते बरोबरही ठरलं असतं.

उन्हं कलली तेव्हा तो आला. घोड्यावर बसून. धुतलेला सदरा, डोक्याला काही नाही, कारण फेटा आम्ही बांधायचा होता. वेशीजवळच्या ओढ्याच्या मोरीवर त्याने घोडा उभा केला आणि थांबला. खाली उतरला नाही. वेशीच्या अलीकडे अख्खा गाव उभा होता, पण एकही पाऊल पुढे नाही. देवळात कीर्तनकार दत्तजन्माच्या जवळ आले होते, टाळांचा आवाज वाढत होता. पाळणा हलायला फार वेळ नव्हता.

"काय रं, उतर की," कोणीतरी म्हणालं.

"जावई सोताहून उतरत नाय," तो म्हणाला.

मी घरून तांब्या आणला होता. ठरवलं होतं, कोणी नाही तर मीच धुवीन. पुढे झालो तर घोड्यावरून तो म्हणाला, "शेठ, तुमी नको. तुमी दलाल. दलालानं पाय धुतले तर मान लागत नाय. सासुरवाडीचं माणूस पायजे."

मला त्याला घोड्यासकट मोरीखाली ढकलावंसं वाटलं. पण त्याचं म्हणणं सौद्याप्रमाणे चोख होतं. मी शब्द देताना 'वेशीवर या' एवढंच ऐकलं होतं. कोण येणार हे विचारलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीत हालचाल झाली आणि काकी बाहेर आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पाट, खांद्यावर फेट्याचं कापड. तो तिच्या जावयाचा पाट होता, त्यावर पितळी फुलं ठोकलेली, सगळा गाव ओळखत होता.

"काकी, तू?" घोडेवाला पहिल्यांदा गोंधळला.

"आज काकी नाय. सासू. उतर."

म्हातारे पंच मागून ओरडले, "अगं, भावकीत..."

"गप बसा, दादा. सोयरीक पायापुरती. घोट्याच्या वर नाय जाणार." ती माझ्याकडे वळली. "ह्या मेल्यानं माझा पाट रिकामा केला. रिकामा पाट मी घरात ठेवत नाय."

तो उतरला. मोरीवरच पाटावर बसला, आणि तिने त्याचे पाय धुतले, त्या खरखरीत, घोड्यामागे डोंगर चढून फुटलेल्या टाचा. फेटा मात्र तिला बांधता येईना, मग न्हावी पुढे झाला आणि त्याने बांधला. पुरा फेटा, अर्धा नव्हे. घोडेवाला उठला, तसाच देवळात गेला. पाळण्याची दोरी हातात धरलेली होती, गुरवाने त्याच्या हातात नारळ ठेवला आणि मग दोरी ओढली गेली.

जत्रेत त्यांच्याशी गाठ पडली ती उपांत्य फेरीत. बघणारे मैदानाकडे कमी आणि काकीकडे जास्त बघत होते. दोन्ही बाजूला जावई. ती पदराचं टोक दातात धरून बसली होती. पहिल्यांदा चढाईवाल्याने आमच्या घोडेवाल्याला हात लावून बाद केलं आणि परत जाताना म्हणाला, "घोडा बांध आता." त्यांच्याकडचे लोक नाचले. मी खाली बसलो. पण आमचा घोडेवाला परत मैदानात आला तो हसत. नंतर त्याने मला सांगितलं, घोडं लाथ झाडायच्या आधी एक खांदा खाली टाकतं, आणि हा पण टाकतो. शेवटच्या चढाईत चढाईवाल्याने खांदा टाकला आणि उडी मारली. उडी पूर्ण व्हायच्या आत त्याचा घोटा खाली धरलेला होता.

काकी उभी राहिली. "धर! सोडू नको!" आणि लगेच, त्याच दमात, "पाय सांभाळ रं त्याचा, माझी पोर दिलीय त्याला!"

आम्ही तो सामना जिंकलो. शेवटचा हरलो, ते सोडा. पहिल्याच फेरीत घरी जाणारा संघ शेवटच्या दिवशी मैदानात उभा होता. जत्रा उरकून गावात परतल्यावर काकीकडे दोन्ही जावई जेवायला बसले. चढाईवाला म्हणाला, "आमचा पाट कोणाला दिला?" तिने त्याच्यासमोर सुताराकडून करवलेला नवा पाट ठेवला. "हा तुझा. तो त्यानं जिंकून घेतलाय." पोरगीही आली होती. ती पुढे दरवर्षी आलीच, नवऱ्याचा सामना बघायला, आणि आईशेजारी बसून नवऱ्याला शिव्या द्यायला.

गाव आता सांगतं की घोडेवाल्याला काकीने आणलं. मी डोंगर चढलो, मी शब्द दिला, मी अर्ध्या दाढीने फिरलो, ते कोणाच्या लक्षात नाही. काकीचा मोठेपणा मी नाकारत नाही. तिच्यासारखी बाई आणि त्याच्यासारखा सौदेवाला मी दुसरा पाहिला नाही. पण सौदा माझा होता.

तो माझा होता हे लक्षात ठेवणारा एकच माणूस निघाला. दोन-तीन वर्षांनी अधिक महिना आला. ऐन पावसात, माथेरान बंद, घोड्याला काम नाही. सकाळी दाराशी पाहतो तर तो, डोक्याला तोच फेटा, हातात छत्री.

"शेठ, धोंड्याचा महिना हाय."

"मग?"

"जावयाला अनारसे देतात."

"काकीकडे जा."

"गेलो व्हतो. ती म्हणाली, पाय धुवायचे तेवढे मी धुतले. 'तिथं जेवढं करतात तेवढं', हा शब्द शेठचा, म्हंजे ताट शेठचं."

मी दारात उभा राहून आठवायला लागलो. वेस, पाय, पाट, फेटा. तो घोड्याच्या पाठीवर हात टेकवून काय बोलला होता ते मला अक्षरन् अक्षर आठवलं. त्याने 'जेवढं करतात तेवढं' म्हटलं होतं, आणि अधिक महिना मी सौद्यात धरलाच नव्हता.

आतून बायकोने विचारलं, "कोण आहे?"

"जावई," मी म्हणालो, आणि तिला त्याच्यासाठी पाट मांडायला सांगितलं.